फॉरवर्ड-वाङ्मय : एक रसग्रहण

कथा, कविता, कादंबरी, नाटक यांची चिरफाड करताना आमचे समीक्षक दमत नाहीत. पण जे वाङ्मय घराघरात पहाटे दात घासण्याच्या आधी वाचलं जातं, त्या व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डकडे ते ढुंकून बघत नाहीत. सोसायटी, शाळेची बॅच, सकाळचं फिरायला जाणारं मंडळ आणि नातेवाइकांचा 'गोतावळा' अशा चार ग्रुपांचा मी सदस्य असल्यामुळे हे काम मलाच करणं आलं.

या वाङ्मयाचं पहिलं वैशिष्ट्य म्हणजे त्याला लेखक नसतो. असलाच तर तो पु. ल. देशपांडे, नाहीतर व. पु. काळे. पु. ल. २००० साली गेले, व. पु. २००१ साली. व्हॉट्सअॅप निघालं २००९ मध्ये. तरी दोघंही रोज सकाळी सहाच्या ठोक्याला ताजं लिहून हजर! आणि तेही 'आयुष्य म्हणजे एक कप चहा' छापाचं, वेलांट्या चुकवून. ज्यांनी जन्मभर शब्द पारखून वापरला, त्यांच्या माथी असला मजकूर मारताना कुणाचा अंगठा अडखळत नाही.

दुसरं वैशिष्ट्य पुराव्याचं. 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' एवढं म्हटलं की झालं. कुठले शास्त्रज्ञ, हे विचारणं असभ्यपणाचं. आपलं राष्ट्रगीत युनेस्कोनं जगात सर्वोत्तम ठरवल्याबद्दल मी दर पंधरा ऑगस्टला अभिनंदन स्वीकारतो. असली स्पर्धा युनेस्को भरवतच नाही, हे आमच्या मजल्यावरच्या काकांना मी एकदा सांगून पाहिलं.

"अहो, पण वाईट काय आहे त्यात?" काका म्हणाले. "शिवाय मी कुठं लिहिलंय? आलं तसं पाठवलं!"

'आलं तसं पाठवलं' हे या वाङ्मयाचं भरतवाक्य. ऐकायला अगदी पोस्टमनसारखं निरागस वाटतं. पण पोस्टमन पाकीट फोडून वाचत नाही. आपण वाचतो, आपल्याला आवडतं, कुणाला झोंबेल याचा अंदाज घेतो आणि मग पाठवतो. याला टपाल म्हणत नाहीत, संपादन म्हणतात.

पूर्वीही देवीच्या नावानं पत्रं यायची. अशीच अकरा लिहा, नाहीतर संकट येईल! पण ती हातानं लिहावी लागत, पोस्टकार्डं पदरच्या पैशानं आणावी लागत. पाचव्या पत्राला बोटं दुखायला लागली की डोकं चालू व्हायचं. आता बोटं दुखत नाहीत.

इथपर्यंत हसता येतं. पुढे येत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. पोरं पळवणारे समजून जमावानं त्यांना ठेचून मारलं. मारणारे पकडले गेले, खटला उभा राहिला. पण अफवा पुढे पाठवणाऱ्या शेकडो लोकांच्या हातात दगड नव्हताच, फक्त अंगठा होता. ते सगळे रात्री शांत झोपले असतील. आलं तसं पाठवलं होतं ना!

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मजकूर एका वेळी ५ ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा आणली. २०२० च्या एप्रिलपासून फार फिरलेला मजकूर तर एका वेळी एकाच ठिकाणी जातो. म्हणजे अंगठ्याला वेसण बसली. डोक्याची सोय मात्र ज्याची त्यानंच करायची आहे.

समीक्षकाकडे निकष हवा, म्हणून माझा सांगतो. हा मजकूर मी पोस्टकार्डावर, स्वतःच्या हातानं लिहून, खाली सही आणि पत्ता घालून पाठवीन का? पाठवीन, तर खुशाल पाठवावा. सही करायला हात कचरला, तर तो मजकूर तिथंच थांबावा.

गेले तीन महिने मी हा निकष लावतोय. तीन महिन्यांत माझ्याकडून गेलेले मजकूर दोन. परवा नागपूरहून पुतण्याचा काळजीनं फोन आला. माझी तब्येत फारच खालावल्याची बातमी 'गोतावळ्या'त फिरते आहे म्हणे.

"कुणी सांगितलं रे?" मी विचारलं.

"काय माहीत, काका. मला आलं, मी पुढं पाठवलं."