विरळ आडनांव आणि कुलवृत्तांत

कुलवृत्तांत हा ग्रंथप्रकार मराठी घरांतून मोठ्या प्रेमानें जपला जातो. पण त्याचें परीक्षण सहसा कोणी करीत नाहीं. ज्या कुळाचा तो वृत्तांत, तें कूळ त्याचें कौतुक करतें, आणि इतरांस तो वाचण्याचें प्रयोजन वाटत नाहीं. तथापि गतकालीन माणसांविषयीं विधानें करणारें पुस्तक हें इतिहासाचेंच पुस्तक होय, व त्यास इतिहासाची कसोटी लावणें न्याय्य आहे. विरळ आडनांवाच्या कुळाचे बाबतींत ती विशेष कडक असावी, असें आमचें मत आहे. कारण संशोधक सर्वांत अधिक फसतो तो तेथेंच.

सामान्य समजूत याच्या उलट आहे. जोशी, कुलकर्णी, पाटील हीं आडनांवें वृत्तीवरून पडलेलीं. गांवोगांवीं तीं स्वतंत्रपणें उत्पन्न झालीं, त्यामुळें दोन कुलकर्ण्यांचें नातें केवळ नांवावरून कोणी मानीत नाहीं. परंतु आडनांव विरळ असलें कीं, तें लावणारे सर्व एकाच मूळ पुरुषाचे वंशज, आणि जुन्या कागदांत तें जेथें आढळेल तो आपलाच पूर्वज, असा निर्णय चटकन् केला जातो. या निर्णयांत तीन दोष आहेत.

पहिला दोष हा कीं, आडनांव कुळाइतकें जुनें असतेंच असें नाहीं. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांच्या घराण्याचें मूळ आडनांव सिद्धये. देशमुखीच्या वतनामुळें तें मागें पडलें. नाना फडणविसांचें मूळ आडनांव भानु. हुद्दा घरांत आला आणि त्यानें आडनांवाची जागा घेतली. हीं घराणीं सुप्रसिद्ध, म्हणून हे बदल आपणांस ठाऊक आहेत. एखाद्या साध्या कारकुनाच्या घरीं असा बदल झाला असेल, तर तो सांगणार कोण? कुटुंब परगांवीं जाऊन वसतें, तेथील लोक त्यास मूळ गांवावरून हाक मारूं लागतात, आणि दोनतीन पिढ्यांत तेंच त्याचें आडनांव होतें. अशा वेळीं आडनांवाचाच माग काढीत गेल्यास आडनांवाचा इतिहास हातीं लागेल. कुळाचा लागेलच असें नाहीं. गोत्र किंवा देवक, कुलदैवत, वतन, मूळ गांव, आणि आजोबांचें नांव नातवास ठेवण्याच्या चालीमुळें पुनःपुन्हां येणारीं नांवें, यांची साक्ष जुळली तरच आडनांवाच्या साक्षीस वजन येतें.

दुसरा दोष वाचनाचा. आपले बहुतेक जुने कागद मोडींत आहेत. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नसत, अनुस्वार पुष्कळदां गाळीत, आणि शब्द न तोडतां सलग लिहीत. अशा लेखनांत डोळा ओळखीचें तेंच वाचतो. विरळ आडनांव नक्कल करणाराच्या हातून त्याच्यासारख्या दुसऱ्या परिचित आडनांवांत मिळून जातें. उलट ज्याच्या मनांत स्वतःचें आडनांव सदा घोळत आहे, त्यास तें प्रत्येक अस्पष्ट अक्षरांत दिसूं लागतें. आमच्याच घरीं असें घडलें. एका वडीलधाऱ्या आप्तांनीं एका सरदाराच्या पथकांतील कारकून आमचा पूर्वज म्हणून वंशावळींत घातला. पुढें मूळ कागद मोडी जाणणाऱ्या गृहस्थांस दाखविला, तेव्हां तें आडनांव दुसरेंच निघालें. मध्यंतरीं त्या कारकुनाचें नांव घरांतील एका नातवास ठेवलेलें होतें! ही चूक कबूल करणें आप्तांस किती जड गेलें तें आम्हीं पाहिलें आहे. म्हणूनच इतर कुळांतील अशा चुका छापून कायम कां होतात, हें आम्हांस समजूं शकतें.

तिसरा दोष अभिमानाचा. विरळ तें थोर, असें मनुष्यास वाटतें. थोर घराण्यांचीं आडनांवें नाहींशीं कां होतात, हा प्रश्न इंग्लंडांत फ्रान्सिस गाल्टन यानें १८७३ सालीं गणित्यांपुढें ठेविला, व वॉटसन या धर्मोपदेशकानें त्याचें गणित मांडलें. वॉटसनच्या निष्कर्षांत पुढें दुरुस्ती करावी लागली. पण मुख्य गोष्ट टिकली. आडनांव पुत्रपरंपरेनें चालतें व प्रत्येकास पुत्र होतोच असें नाहीं. एवढ्याच कारणानें, कुळांत कांहींहि उणें नसतां, पुष्कळ आडनांवें लोपतात. तेव्हां आडनांवाची विरळता हें थोरवीचें लक्षण नव्हे, आणि ऱ्हासाचेंहि नव्हे.

याच गणितांतून कुलवृत्तांतांचें सर्वांत मोठें वैगुण्य ध्यानांत येतें. आडनांव लोपलें तरी वंश लोपत नाहीं. तो मुलींकडून चालतो. पण पुष्कळ वंशावळींत मुली नसतात, आणि सुना असल्याच तर माहेरच्या नांवावांचून असतात. आमच्या कुटुंबाचा तुटलेला दुवा शेवटीं जुळला तो दिलेल्या मुलीच्या सासरीं. तिच्या मुलानें त्र्यंबकेश्वरीं श्राद्ध केलें होतें. तीर्थश्राद्धांत पित्याकडील तीन पिढ्यांप्रमाणें मातामहाकडील तीन पिढ्यांचाहि उच्चार होतो. उपाध्यायांच्या वहींत तीं नांवें मूळ गांवासह उतरून ठेवलेलीं सांपडलीं. आमच्या पुरुषांनीं जें राखलें नाहीं, तें जिचें नांव वंशावळींत नव्हतें तिच्या मुलानें राखलें होतें.

या ग्रंथप्रकाराचे उपकार आम्ही विसरत नाहीं. घरोघरचीं दप्तरें वाळवीच्या तोंडून सोडवून छापण्याची बुद्धि पुष्कळांस त्यानेंच दिली. परंतु विरळ आडनांवाचा वृत्तांत लिहिणाराकडून आमच्या तीन अपेक्षा आहेत. प्रत्येक पिढीपुढें आधार द्यावा. जेथें आधार नाहीं तेथें जागा कोरी सोडावी. आणि मुली व सुना यांचीं नांवें, सासरमाहेरासह, पुरुषांच्या बरोबरीनें द्यावीं. असा वृत्तांत पानांनीं लहान होईल, व कदाचित् त्यांत एकहि सरदार नसेल. तथापि तो पुढच्या पिढीच्या हातीं देतांना संकोच वाटणार नाहीं. आमच्या वंशावळींत त्या कारकुनाच्या जागीं आतां कोरी ओळ आहे. नातवाचें नांव मात्र आम्हीं बदललें नाहीं.