हापूसच्या जागी लाल आंबा

मार्च उजाडला की देवगड-रत्नागिरीचा हापूस घरपोच देणाऱ्या वेबसाइट्सची गर्दी होते. त्यांतल्या काही उघडल्या, तर पहिल्याच पडद्यावर दिसणारा आंबा हापूस नसतोच. लालभडक गाल, देठाकडे हिरवी झाक, सालीवर पाण्याचे थेंब. हा 'टॉमी अ‍ॅटकिन्स' किंवा त्याच्याच जातकुळीतला आंबा, मूळचा फ्लोरिडाचा. परदेशी छायाचित्रसंग्रहांत आंबा शोधला की असलाच फोटो चटकन हाती लागतो. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरीकडचा आंबा हापूस म्हणून खपवला जातो, ही बागायतदारांची तक्रार तर त्याहून जुनी. अशा मालाच्या विक्रीपानावरच परका आंबा मिरवावा, ही छोट्या व्यवसायांच्या वेबसाइट-सजावटीची आजची सर्वांत दुखरी बाजू आहे.

संग्रहातले चित्र मोफत मिळते आणि देखणेही असते, हे खरे. पण ते त्या दुकानाबद्दल काहीच सांगत नाही. वेबसाइट पाहताना माणसाची नजर कुठे ठरते आणि कुठून निसटते, याचा मागोवा जेकब नीलसन यांनी घेतला होता. २०१० मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष आजही लागू पडतो : खऱ्या माणसांची आणि खऱ्या मालाची छायाचित्रे लोक निरखून पाहतात, निव्वळ सजावटीची मात्र ओलांडून पुढे जातात. सांगलीच्या हळद व्यापाऱ्याच्या पानावर सुटाबुटातल्या हस्तांदोलनाचे काय काम? तिथे फोडलेले हळकुंड दिसायला हवे, त्याचा आतला रंग दिसायला हवा.

पैठणीचे उदाहरण याहून बोलके आहे. हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी मागूनही पुढच्याइतकीच स्वच्छ असते. यंत्रमागावरच्या साडीत मागे धागे मोकळे सुटलेले दिसतात. म्हणून जाणती बाई दुकानात बसली की आधी पदर उलटून पाहते. वेबसाइटवर मात्र तिला मॉडेल, फुलदाणी आणि स्टुडिओतला झगझगाट दाखवला जातो. पदराच्या उलट्या बाजूचे, खिडकीच्या तिरप्या उजेडात जवळून घेतलेले एक छायाचित्र या सगळ्यापेक्षा अधिक विश्वास देईल. फ्लॅश मारला की जर पांढरी पडते आणि रेशमाचा रंग बदलतो. साडी धूपछाँव असेल, म्हणजे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, तर एका छायाचित्राने भागत नाही; दोन कोनांतून दोन तरी हवीत. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. मालाची जाण लागते, आणि ती विणकराकडे व दुकानदाराकडे आधीपासून आहे. वेबसाइट करणारा ती विचारत नाही, हे दुखणे आहे. कोल्हापुरी चपलेचेही तेच : वरून घेतलेला फोटो सगळेच टाकतात, पण चामड्याच्या वादीने घातलेली शिवण दिसते ती बाजूने.

पहिल्या पडद्यावर आपोआप सरकणारी पाच-सहा चित्रे लावण्याची हौस अजून फिटलेली नाही. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या वेबसाइटवर २०१३ मध्ये मोजणी झाली, तेव्हा अशा सरकत्या चित्रांवर जेमतेम एक टक्का लोक क्लिक करत होते. शिवाय ही चित्रे अनेकदा मोबाइलमधून जशीच्या तशी, चार-पाच एमबीची चढवलेली असतात. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, असे गूगलचे माप आहे. एसटीत बसून पान उघडणाऱ्या ग्राहकाला तेवढ्यात कोरी चौकट दिसते.

अक्षरांची आबाळ तर मनाला लागते. २०२२ च्या कायदादुरुस्तीने लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, तीही इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत. त्याच दुकानाच्या वेबसाइटवर मराठी शोधावी लागते. सापडली, तर इंग्रजी साच्यात कोंबलेली. त्या साच्यांच्या शीर्षकांत अक्षरे सुटी सुटी ठेवलेली असतात. देवनागरीला तेच माप लावले की शिरोरेषा तुटते. ओळी रोमनच्या अंतराने बसवल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. कमल शेडगे यांनी जिथे नाटकांच्या नावांना अक्षरांतून चेहरा दिला, तिथे ही हेळसांड का चालावी? 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बलू' हे सुबक फाँट मोफत मिळतात. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद कोडमध्ये केली, तर काही फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श आपोआप उमटतात.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेली चित्रे आली आहेत. त्यांतल्या पाट्यांवरची देवनागरी अनेकदा अगम्य असते, पण तेवढे निदान डोळ्यांना खुपते. पैठणीच्या पदरावरचा मोर अधिक फसवा. तो सुंदर दिसतो, फक्त त्याची वीण कुठल्याही मागावर उतरणारी नसते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, जाहिरातीत दाखवल्यासारखा माल नसेल तर तो परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. असा मोर पाहून मागवलेली साडी येवल्याला परत आली, तर तिचा भुर्दंड दुकानदारालाच सोसावा लागेल.