‘नॉर्मल’ चेहरा कोणाचा?
छायाचित्रातील रंगदुरुस्तीचा एक विचार

सौंदर्यमूल्ये निरपेक्ष नसतात. ती एका विशिष्ट समाजगटाच्या जीवनातून घडतात आणि मग सर्वांची म्हणून मिरवली जातात. ही भूमिका दलित साहित्याने मराठीत ठामपणे मांडली, त्याला अर्धशतक होऊन गेले. कविता, कथा, आत्मकथन यांच्या संदर्भात आपण ती पुनःपुन्हा तपासली. छायाचित्राला मात्र आपण या चिकित्सेतून सूट दिली. शब्द पक्षपात करतो, कॅमेरा समोर आहे तेच टिपतो, यंत्राला जात नसते आणि रसायनाला वर्ण नसतो, अशी आपली समजूत आहे. गेल्या शतकातील रंगीत फिल्मचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. आणि आज जुनी निगेटिव्ह व फोटो स्कॅन करून जतन करण्याचे काम ठिकठिकाणी सुरू असताना ती धोकादायकही आहे.

१

रंगीत निगेटिव्ह फिल्मवर मुख्यतः तीन संवेदनशील थर असतात. एक निळा प्रकाश टिपतो, दुसरा हिरवा, तिसरा तांबडा. फिल्म धुतल्यावर त्या थरांत अनुक्रमे पिवळा, किरमिजी व निळसर-हिरवा असे रंग तयार होतात. निगेटिव्ह हातात धरले तर ते नारिंगी दिसते आणि त्यातील प्रत्येक रंग उलटा असतो. म्हणजे निगेटिव्हमध्ये पाहण्याजोगा ‘खरा’ रंग नसतोच. तो प्रिंट काढताना ठरवावा लागतो. पूर्वी तो लॅबमधील माणूस गाळण्या बदलून ठरवी; आज स्कॅनर आणि संगणक ठरवतात. पण कोणीतरी ठरवतो, ही गोष्ट बदललेली नाही. आणि जिथे ठरवणे आले, तिथे मानदंड आला.

हा मानदंड कुठून आला? १९५४ पर्यंत अमेरिकेत कोडॅक कंपनी रंगीत फिल्मच्या किमतीतच धुलाई आणि प्रिंटचे पैसे घेत असे. मक्तेदारीविरोधी कारवाईमुळे त्या वर्षी तिला ही पद्धत सोडावी लागली आणि स्वतंत्र लॅब उभ्या राहिल्या. सर्व लॅबमधून एकसारखे रंग यावेत म्हणून कंपनी त्यांना नमुन्याचे निगेटिव्ह आणि प्रिंट पाठवू लागली. त्या नमुन्यावर एक गोरी तरुणी होती. तिचे नाव शर्ली. पुढे मॉडेल बदलत गेल्या, तरी कार्डाचे नाव ‘शर्ली कार्ड’ हेच राहिले. लॅबवाल्याने यंत्र असे जुळवायचे, की शर्लीची कातडी कार्डावरच्यासारखी यावी. अशा कार्डांवर एक शब्द छापलेला असे : ‘नॉर्मल’.

या एका शब्दावर थांबले पाहिजे. मनुस्मृतीत जे श्लोकाने झाले, ते इथे कारखान्याच्या पुठ्ठ्याने झाले. एका वर्णाला प्रमाण मानले, म्हणजे बाकीचे सारे आपोआप विचलन ठरले. त्यासाठी कोणाला शिवी द्यावी लागली नाही, कोणाचा द्वेष करावा लागला नाही. लॅबमध्ये बसलेला माणूस सज्जन असेल, स्वतः काळाही असेल. त्याने यंत्र कार्डाप्रमाणे जुळवले, की काम झाले. वर्चस्वाची सर्वांत टिकाऊ रीत हीच असते. ते व्यक्तीच्या मनातून निघून व्यवस्थेच्या मापात जाऊन बसते.

मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातील लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या कार्डांचा इतिहास मांडला आहे. एकाच फोटोत गोरी आणि काळी मुले असली, की गोऱ्यांचे चेहरे नीट येत आणि काळ्या मुलांचे फक्त डोळे व दात दिसत, अशा तक्रारी काळ्या मुलांच्या आया करीत होत्या. त्या तक्रारींनी फिल्मचे रसायन बदलले नाही. कोडॅकमधील जुन्या अधिकाऱ्यांनी रॉथ यांना सांगितले, की गडद तपकिरी छटांसाठी कंपनीवर दबाव आला तो लाकडी फर्निचर आणि चॉकलेट यांच्या व्यापाऱ्यांकडून. त्यांच्या जाहिरातीत शिसवी आणि साधे लाकूड, काळे आणि दुधाळ चॉकलेट यांतला फरक दिसत नव्हता. माणसाच्या चेहऱ्याला जो न्याय मिळाला नाही, तो टेबलाच्या फळीला मिळाला. पुढे सुधारलेली फिल्म बाजारात आली तेव्हा अंधुक उजेडातला काळा घोडाही ती टिपते, अशा शब्दांत तिचा महिमा सांगितला गेला. काळ्या माणसाचे नाव घेण्याचा संकोच तेव्हाही सुटला नव्हता. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड निघायला १९९० चे दशक अर्धे सरावे लागले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोझांबिकमध्ये काम करताना फ्रेंच दिग्दर्शक गोदार यांनी कोडॅक फिल्म वर्णद्वेषी असल्याचे म्हणून ती नाकारल्याचे सांगितले जाते, त्यामागे हेच वास्तव होते.

२

फिल्मला काळा चेहरा दिसत नव्हता, तरी राज्यसत्तेला तो हवा होता. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला स्वतःचा फोटो चिकटवलेले पासबुक जवळ बाळगण्याची सक्ती होती. ते नसले तर अटक. या ओळखपत्रांसाठी पोलरॉइड कंपनीची झटपट फोटो देणारी यंत्रणा वापरली जाई. १९७० साली कंपनीतील दोन काळे कर्मचारी, रसायनतज्ज्ञ कॅरोलिन हंटर आणि छायाचित्रकार केन विल्यम्स, यांच्या नजरेस ही गोष्ट आली. त्यांनी कंपनीतच क्रांतिकारी कामगारांची चळवळ उभारली, बहिष्काराची हाक दिली. हंटर यांना १९७१ मध्ये नोकरी गमवावी लागली. अखेर, स्थानिक वितरक गुपचूप सरकारला माल पुरवत असल्याचे उघड झाल्यावर, १९७७ मध्ये पोलरॉइड दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडली. हे यश दोन नोकरदारांनी आपल्या कारखान्याचा माल कुठे जातो असा साधा प्रश्न विचारल्यामुळे मिळाले.

कुटुंबाच्या फोटोत जो चेहरा काळा डाग होऊन येतो, तो पोलिसांच्या कागदावर मात्र स्पष्ट लागतो. दिसण्याचा हक्क नाकारायचा आणि नजरेखाली ठेवण्याची सक्ती करायची, हे दुहेरी धोरण आपल्यालाही अपरिचित नाही. ब्रिटिश अमलात १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांत या देशातील जातीजमातींचे फोटो चिकटवले गेले. त्यात माणूस ‘नमुना’ म्हणून आला.

३

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अमेरिकेतील वर्णप्रश्न आणि आपला जातिप्रश्न एकच आहेत असे समजण्याचा मोह होतो. १९७२ मध्ये दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, ते लढ्याच्या नात्याने. त्यावरून दलित म्हणजे काळा आणि सवर्ण म्हणजे गोरा असे समीकरण मांडणे हे शास्त्रदृष्ट्या चूक आणि विचारदृष्ट्या घातक आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आणि पुन्हा १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये जातीचा वंशसिद्धान्त खोडून काढला. नाकाची मापे घेऊन जात ठरवणाऱ्यांच्याच आकड्यांवरून त्यांनी दाखवले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही. जात कातडीत नसते.

मग शर्ली कार्डाचा आपल्याशी संबंध काय? संबंध दोन प्रकारचा आहे. एक, तीच फिल्म आणि तेच मानदंड आपल्या गावातील स्टुडिओपर्यंत आले, आणि इथली बहुसंख्य जनता, कोणत्याही जातीची असो, शर्लीच्या रंगाची नाही. दोन, जात कातडीत नसली तरी जातिव्यवस्थेने गोरेपणाला प्रतिष्ठा आणि काळेपणाला हिणकसपणा चिकटवला आहे. ‘वर्ण’ हा एकच शब्द आपण रंगासाठी आणि चातुर्वर्ण्यासाठी वापरतो. त्यामुळे फिल्मचा दोष इथे दोष म्हणून कोणाला खटकलाच नाही. फोटो काळा आला तर माणसाने स्वतःलाच दोष दिला. स्टुडिओत बसण्याआधी पावडर लावली, लग्नासाठी दाखवायच्या फोटोत मुलीला उजळ करून घेतले. चेहरा उजळ करणारे मलम १९७५ मध्ये बाजारात आले. त्याच्या नावातला गोरेपणाचा उल्लेख जायला २०२० साल उजाडावे लागले.

यामागचे तंत्र समजून घेतले तर स्वतःला दोष देण्याचे कारण उरत नाही. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. चुना दिलेल्या भिंतीपुढे, पांढऱ्या सदऱ्यात किंवा पांढऱ्या लुगड्यात सावळा माणूस उभा केला, की मापक पांढरे पाहून फसतो आणि उजेड कमी देतो. भिंत राखाडी येते, चेहरा काळाठिक्कर पडतो. प्रिंट काढतानाही तेच. लॅबचे यंत्र असे धरते, की कोणत्याही चित्रातील सगळे रंग मिसळले तर राखाडी यावा. एखाद्या चित्रात एकच रंग भरून राहिलेला असला, की हे गणित कोसळते. या कोसळण्याला तंत्रज्ञांच्या भाषेत नाव आहे ‘सब्जेक्ट फेल्युअर’. म्हणजे विषयाचे अपयश! गणित यंत्राचे चुकले आणि नापास ठरला तो समोरचा विषय. शिक्षणव्यवस्थेत आपल्या मुलांच्या वाट्याला हेच आलेले आहे. त्यामुळे हा शब्द शिक्षकांनी तरी लक्षात ठेवावा.

४

या मानदंडाला उत्तर देणारे छायाचित्रकार झाले नाहीत असे नाही. गुलामीतून पळून मुक्त झालेले फ्रेडरिक डग्लस हे एकोणिसाव्या शतकात सर्वांत जास्त फोटो काढले गेलेले अमेरिकन मानले जातात. त्यांची सुमारे १६० छायाचित्रे ज्ञात आहेत. नीटनेटका कोट, कठोर नजर, हसू जवळजवळ नाहीच. गुलामांची हास्यचित्रे काढणाऱ्या समाजाला त्यांनी आपल्या चेहऱ्याने दिलेले ते उत्तर होते. बाबासाहेबांचे कोट-टायमधले फोटो आठवले, की हे नाते वेगळे सांगावे लागत नाही. हार्लेममध्ये जन्मलेल्या रॉय डिकारावा यांनी कृष्णधवल प्रिंटमध्ये काळ्या चेहऱ्यांना उजळ करण्याचे नाकारले. काळ्या आणि करड्या छटांच्या आत किती छटा असतात हे त्यांनी दाखवले. त्यांचे चित्र पाहताना डोळ्याला थांबावे लागते. थांबले, की अंधारातून माणूस हळूहळू पुढे येतो. आपल्याकडे मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन कृष्णधवल चित्रांत टिपणारे सुधारक ओलवे (पद्मश्री, २०१६) यांचे काम या परंपरेच्या संदर्भात वाचण्याजोगे आहे.

मात्र उजळपणाला नकार म्हणजे काळोख गडद करणे नव्हे. दलितांच्या दुःखाचे फोटो छापताना छाया मुद्दाम काळ्याकुट्ट करायच्या, सुरकुत्या कोरून काढायच्या, म्हणजे पाहणाऱ्याचे काळीज हलते, अशीही एक रीत रूढ आहे. कॅलेंडरवाल्याने बाबासाहेबांचे गाल गुलाबी केले आणि या मंडळींनी आपल्या आजीचा चेहरा कोळसा केला. दोघांनीही माणूस पाहिला नाही. पहिल्याने त्याला प्रस्थापितांच्या सौंदर्यात बसवले, दुसऱ्याने प्रस्थापितांच्या करुणेत.

५

आज फिल्मचे युग मागे पडले आहे. कोडाक्रोमचे उत्पादन २००९ मध्ये बंद झाले. कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. शहरी तरुणांत फिल्म हौसेने परतली असली, तरी आपला प्रश्न ट्रंकेत पडलेल्या फिल्मचा आहे. मोर्चे, परिषदा, धम्मदीक्षेचे सोहळे, वसतिगृहातील मुले, लग्ने. ज्यांचा इतिहास इतरांनी लिहिला नाही, त्यांची ही दफ्तरे आहेत. ती स्कॅन होत आहेत, आणि स्कॅन करताना एक कळ हमखास दाबली जाते : ‘ऑटो’.

ही कळ म्हणजे शर्लीची नात आहे. साठ-सत्तरच्या दशकांतील रंगीत प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग अंधारात ठेवूनही उडत जातो आणि फोटो तांबूस पडतो. संगणक हा तांबूसपणा काढतो. पण माणसांच्या कातडीतला मूळचा तपकिरी कोणता आणि काळाने चढवलेला तांबूस कोणता, हे त्याला कळत नाही. समूहचित्रात सावळे चेहरे भरलेले असले, तर तो सारेच राखेसारखे करून ठेवतो. कृष्णधवल फोटो आपोआप रंगवणाऱ्या नव्या प्रणालींची गोष्ट याहून गंभीर आहे. करड्या छटेवरून कातडीचा रंग कळत नाही, म्हणून त्या शिकवलेल्या नमुन्यांवरून अंदाज करतात. नमुने कोणाचे, हा प्रश्न तिथेही उभा राहतो. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के निघाले, काळसर स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. पुठ्ठ्याचे कार्ड गेले, ‘नॉर्मल’ राहिला.

म्हणून संग्रहाचे काम करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. स्कॅन करताना आपोआप दुरुस्ती बंद ठेवावी. पहिली प्रत, डागांसकट आणि उडालेल्या रंगांसकट, दुरुस्ती न करता वेगळी जपावी. दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करावी आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. धूळ काढणारी इन्फ्रारेड यंत्रणा चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर वापरू नये. ती चित्रातल्या चांदीलाच धूळ समजते. स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह टाकून देऊ नये. उद्या कोणाला आपल्या दुरुस्तीची चिकित्सा करायची झाली, तर पुरावा तोच आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, रंग ठरवताना त्या माणसांना ओळखणाऱ्या कोणाला तरी जवळ बसवावे. आजोबांचा रंग कसा होता हे नातेवाइकांना विचारावे. फोटोतल्या प्रत्येकाचे नाव विचारून लिहावे. नाव नसलेला चेहरा कितीही स्वच्छ दिसला तरी पुन्हा ‘नमुना’च होतो.

हे काम तंत्रज्ञावर सोपवून मोकळे होता येणार नाही. साहित्यात प्रमाणभाषेचा आग्रह आपण नाकारला, कारण ती कोणाची भाषा आहे हे आपण विचारले. छायाचित्रातही प्रमाण रंग कोणाचा, हे आता विचारले पाहिजे. आपल्या माणसांच्या चेहऱ्यांना कोणाच्या कार्डाशी जुळवून घेण्याची गरज नाही. ते जसे होते तसे पुढच्या पिढीच्या हाती देणे, एवढीच दुरुस्ती आपल्याला करायची आहे.