‘टीव्हीमुळे’ असं लिहिण्याआधी
बॉडी शेमिंगवर प्रपोजल लिहिताय? मग ॲन बेकर यांचा फिजीवरचा २००२चा पेपर तुमच्या यादीत असणारच. भरलेल्या अंगाला मान देणाऱ्या नाद्रोगा भागात १९९५ला टीव्ही आला. खाण्याच्या विकारांच्या चाचणीत जास्त गुण आलेल्या शाळकरी मुली तेव्हा १२.७ टक्के होत्या, १९९८मध्ये २९.२. पण लगेच ‘टीव्हीने मुली आजारी पडल्या’ असं लिहू नका हं. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या, जेमतेम ६३ आणि ६५. टीव्ही न आलेल्या गावाशी तुलनाही नाही. शिवाय चाळणी चाचणी म्हणजे निदान नव्हे. मला विचाराल तर पेपरचा जीव मुलाखतींत आहे. टीव्हीवरच्या बायकांसारखं बारीक व्हायचंय, हे तिथे मुली स्वतःच सांगतात. आपली प्रश्नावली बनवण्याआधी तो भाग सावकाश वाचा.