आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांचे चरित्र आणि ‘जोर्नादा’ : एक चिकित्सा

प्रस्तावना : गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस (१५५९–१६१७) हे ऑगस्टिनियन संघाचे संन्यासी होते. १५९५ मध्ये त्यांची गोव्याच्या धर्मपीठावर नियुक्ती झाली. १६०७ ते १६०९ या काळात ते पोर्तुगीज भारताचे गव्हर्नरही होते. पुढे ते ब्रागाचे आर्चबिशप झाले. त्यांच्या मलबार दौऱ्याचा प्रमुख वृत्तांत म्हणजे अंतोनियो द गुव्हेया यांचा ‘जोर्नादा’ (कोइंब्रा, १६०६) हा ग्रंथ होय. प्रस्तुत लेखात या ग्रंथाच्या विश्वसनीयतेचा विचार केला आहे.

विवेचन : गुव्हेया हे मेनेझिस यांच्याच संघाचे होते. त्यामुळे ग्रंथाचे स्वरूप चरित्रापेक्षा गौरवगाथेचे अधिक आहे. जून १५९९ मध्ये उदयंपेरूर येथे भरलेली धर्मसभा हा या वृत्तांताचा कळस होय. सभेपूर्वी मेनेझिस यांनी मोठ्या संख्येने नवे धर्मगुरू दीक्षित केले. गुव्हेया यास धर्मकार्याचे यश मानतात; परंतु सभेतील बहुमताची ती पूर्वतयारी होती, असा अर्थही त्यातून निघतो. आर्चडीकन गीवर्गीस यांची शरणागती ग्रंथात हृदयपरिवर्तन म्हणून येते. वस्तुतः तिच्यामागे बहिष्काराची धमकी आणि कोचीनच्या राजाचा दबाव होता. सभेचे ठराव मुळात पोर्तुगीज भाषेत तयार होऊन मल्याळममध्ये आणले गेले. सभेची वैधताही वादग्रस्त ठरली असून जोनास थालियाथ यांनी १९५८ मधील अभ्यासात ती नाकारली आहे.

सर्वांत गंभीर बाब सिरियाक ग्रंथांची होय. सभेने ते सदोष ठरवून दुरुस्त करण्याचा वा जाळण्याचा आदेश दिला. मात्र निषिद्ध ग्रंथांची नावे आणि त्यांतील ‘चुका’ नोंदवणारा हाच ठराव आज नष्ट झालेल्या वाङ्मयाचा पुरावा ठरतो. विनाशाची आज्ञाच नकळत त्या वाङ्मयाची सूची झाली, ही इतिहासाची विसंगती लक्षणीय आहे.

निष्कर्ष : मेनेझिस यांची प्रशासकीय क्षमता नाकारता येत नाही. १६०६ मध्ये गोव्यात स्थापन झालेला सांता मोनिका मठ तिची साक्ष देतो. तथापि त्यांनी साधलेले ऐक्य टिकाऊ नव्हते. १६५३ च्या कूनन क्रॉस शपथेने मलबारमधील असंतोष उघड केला. सबब विजेत्याच्या गोटात लिहिलेला ग्रंथ टाकून न देता, त्यातील मौनांसह वाचणे हीच अभ्यासकाची जबाबदारी ठरते.