‘संदर्भित’ या क्रियेचा कर्ता

रुग्णालयीन प्रशासनाची सुधारणा म्हणजे नवी पदे, नव्या इमारती आणि नव्या नोंदवह्या, अशी समजूत रूढ आहे. प्रशासन हा मुळात भाषाव्यवहार आहे, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. दारी आलेला माणूस ‘रुग्ण’ होतो तो कागदावर. आणि त्या कागदावरील वाक्याच्या घडणीवर त्याचे पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. अशा एका वाक्याचे परीक्षण येथे योजिले आहे.

ते वाक्य असे : ‘रुग्णास पुढील उपचारार्थ संदर्भित करण्यात आले.’

१९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली, ही आपली मोठीच मिळकत होय. त्या मराठीत ‘करण्यात आले’ ही कर्त्याला वगळणारी रचना सर्वत्र आढळते. तिचाही एक गुण आहे. अधिकारी बदलला तरी कार्यालय बोलत राहते, आणि निर्णयाला व्यक्तिगत रागलोभाचा वास येत नाही. परंतु कर्ता सर्वांस ठाऊक असतो तेथेच त्याचा लोप क्षम्य ठरतो. प्रस्तुत वाक्यात तो कोणासच ठाऊक नसतो. रुग्णाला कोणी न्यावयाचे, कोणत्या वाहनाने, आणि पलीकडे कोणी उतरवून घ्यावयाचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर वाक्यात नाही. तरी क्रिया मात्र पूर्ण झाली आहे. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता वर्षानुवर्षे तुटत आला आहे. अशा ठिकाणी व्याकरणातील लुप्त कर्ता म्हणजे प्रत्यक्षात रुग्णाचा बाप किंवा भाऊच होय.

‘संदर्भ’ शब्दाच्या मुळाशी ‘दृभ्’ म्हणजे गुंफणे हा धातू आहे. येथे मात्र तो गुंफण सोडविण्याच्या कामी आला. लोकांनी त्याऐवजी ‘रेफर केलं’ हाच प्रयोग पत्करला आहे. परका असला तरी निदान तो कळतो. या दोन जिल्ह्यांत झाडीबोली, गोंडी, माडिया, आणि सिरोंचाकडे तेलुगू बोलली जाते. गोंडी व माडिया या तर द्राविड कुळातील. त्या बोलणाऱ्यांना ‘संदर्भित’ आणि ‘रेफर’ दोन्ही सारखेच परके.

यास पर्याय नाही काय? याच प्रदेशात तो दिसतो. हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा प्रकाश व मंदाकिनी आमटे हे डॉक्टर दांपत्य माडिया शिकले. आरंभी रुग्ण येईनात, भाषेने वाट मोकळी केली. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दवाखाना आदिवासींना विचारून उभारला. त्याला दंतेश्वरी देवीचे नाव आले आणि नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येईल अशा झोपड्या आल्या. त्याच संस्थेच्या नवजात बालकांच्या गृहसेवेत गावातील कोणत्या स्त्रीने केव्हा जावयाचे आणि काय पाहावयाचे, हे ठरलेले होते. म्हणजे क्रियेला कर्ता होता. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. हे यश भाषेचे एकटीचे नव्हे, हे उघड आहे. औषध, प्रशिक्षण आणि देखरेख यांचा वाटा त्यात मोठाच आहे.

यावर आक्षेप असा येईल की, जेथे डॉक्टर अपुरे आणि रस्ते तुटलेले, तेथे व्याकरण काय करणार? आक्षेप खरा आहे. वाक्य बदलल्याने नदीवर पूल होत नाही. परंतु पूल नाही ही गोष्ट जे वाक्य झाकून ठेवते, ते पुलाची मागणीही उद्भवू देत नाही. ‘वाहन मिळाले नाही’ असे लिहिण्यास जागाच नसेल, तर वर्षअखेरच्या तक्त्यात सर्व रुग्ण सुरळीत ‘संदर्भित’ झालेले दिसणार.

म्हणून सूचना साधी आहे. चिठ्ठीवर चार रकाने असावेत : कोणी पाठविले, कोण नेत आहे, किती वाजता निघाले, कोणी घेतले. चौथा रकाना पलीकडच्या रुग्णालयाने भरून चिठ्ठी परत पाठवावी. पाचवा रकाना रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांसाठी, त्याच्याच बोलीत, देवनागरीत असावा. तो नीट उतरवून घेण्याचे शिक्षण देणे हे मात्र डॉक्टरांचे काम नव्हे, ते आपल्यासारख्या भाषाविभागांचे आहे. आणि ते आपण अद्याप अंगावर घेतलेले नाही.