जपानी ताटातले मीठ

जपानी माणसे दीर्घायुषी असतात. ती भात, मासे, सोयाबीन आणि समुद्रशेवाळ खातात. म्हणून आपणही तसेच खावे. आरोग्यविषयक पुस्तकांतून व सदरांतून हा युक्तिवाद आम्ही अनेकदा वाचला आहे. पहिली दोन विधाने ढोबळमानाने खरी आहेत. तिसरे मात्र त्यांच्यातून निघत नाही, आणि विज्ञानाच्या शिक्षकाला खटकायला हवे ते नेमके येथेच.

आधी आकडे पाहू. १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत जपानमधील जन्मवेळचे सरासरी आयुर्मान ४२-४३ वर्षे होते. १९४७ साली ते पुरुषांचे ५० व स्त्रियांचे ५४ होते, तर २०२३ साली अनुक्रमे ८१ व ८७. म्हणजे आहार खराखुरा पारंपरिक होता तेव्हा आयुष्य तोकडे होते. ताटात दूध, मांस, तेल वाढले आणि भात कमी झाला त्या काळात ते लांबले. यावरून दुधामांसाने आयुष्य वाढले असे आम्ही म्हणणार नाही. तीच चूक उलट्या बाजूने केल्यासारखे होईल. क्षयरोग आटोक्यात आला, बालमृत्यू घटले, १९६१ पासून सर्वांना आरोग्यविमा मिळाला. एवढे सारे एकदम बदलत असताना श्रेय एकट्या आहाराला कसे द्यायचे?

शिवाय 'पारंपरिक' म्हणजे कोणता? एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, सडलेला पांढरा भात प्रतिष्ठेचा मानत. खेड्यातून तेथे गेलेल्या माणसाचे पाय सुजत, बधिर होत. गावी परतल्यावर तो बरा होई. लोक याला 'एदोचे दुखणे' म्हणत. हाच बेरीबेरी. १८८२-८३ साली 'र्‍युजो' या नौदलाच्या प्रशिक्षण जहाजावरील ३७६ जणांपैकी १६९ जणांना तो झाला आणि २५ दगावले. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ साली त्याच मार्गाने 'त्सुकुबा' हे जहाज बदललेला आहार देऊन पाठवले. त्यावर बेरीबेरीने एकही मृत्यू झाला नाही. ताकाकींचे स्पष्टीकरण (प्रथिनांची कमतरता) चुकीचे होते, प्रयोग मात्र बिनतोड होता. वर्गात सांगावी अशीच ही गोष्ट आहे. खरे कारण कोंड्याबरोबर निघून जाणारे थायमिन, हे पुढे कळले. कोकणातला उकडा तांदूळ या बाबतीत सरस, कारण उकडताना कोंड्यातले थायमिन दाण्यात शिरते. जपानी भूदलाने मात्र पांढरा भात सोडला नाही, आणि १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात वीस हजारांहून अधिक सैनिक बेरीबेरीने मेले.

दुसरी उणीव मिठाची. मिसो, सोया सॉस, खारवलेले मासे, लोणची हा या जेवणाचा कणा. उत्तरेकडील अकिता भागात हिवाळाभर बर्फ. तेथे १९५० च्या दशकात माणशी दररोज २५ ग्रॅमहून अधिक मीठ पोटात जाई. १९५१ ते १९८० या काळात मेंदूतील रक्तस्राव व तत्सम विकार हे जपानमधील मृत्यूचे पहिले कारण होते. मग घरोघरी फ्रिज आले, मीठ कमी करण्याच्या मोहिमा झाल्या, रक्तदाबाची तपासणी सुरू झाली. तरी २०१९ च्या पाहणीत प्रौढांचे सरासरी मीठ सुमारे १० ग्रॅम भरले. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते. जपानी माणूस आज अधिक जगतो तो या परंपरेचा एक भाग सोडून दिल्यामुळेही, हे त्या पुस्तकांत क्वचितच सापडते.

ओकिनावाचे उदाहरण तर हमखास दिले जाते. पण तेथील शतायुषी वृद्धांच्या तरुणपणी ताटात मुख्यतः रताळी असत, निम्म्याहून अधिक ऊर्जा त्यांतूनच मिळे. मासे-भाताचे ते सुबक ताट त्या गरीब, वादळी बेटांवर रोजचे नव्हतेच.

मग या आहारात काहीच घेण्याजोगे नाही काय? आहे, आणि त्याचा पुरावाही चांगला आहे. १९६५ च्या सुमारास जपान, हवाई व कॅलिफोर्निया येथील जपानी वंशाच्या पुरुषांची तुलना सुरू झाली. वंश एक, राहणी वेगळी. हृदयविकार जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत मधला, कॅलिफोर्नियात सर्वाधिक आढळला. संपृक्त मेदाचे प्रमाणही त्याच क्रमाने चढत होते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार मात्र जपानमध्ये अधिक होता! एकाच ताटाचे हे दोन निकाल. तेव्हा घ्यायचे ते कमी संपृक्त मेद, भरपूर भाज्या, डाळवर्गीय पदार्थ आणि पोट तुडुंब भरण्याआधी थांबण्याची ओकिनावातली रीत. मिसो आयात करण्याची गरज नाही.

वर्गात तराजू असेल तर ५ ग्रॅम व १० ग्रॅम मिठाच्या दोन पुड्या बांधून टेबलावर ठेवाव्यात. मिसोच्या एका वाटीभर सारात एक ग्रॅमहून अधिक मीठ असते, हे सांगून मग मुलांना आपल्या घरच्या लोणचे, पापड आणि फरसाणाचा अंदाज करायला लावावे.